उड्डाण होताच इंजिन बंद पडले तर?

सांबऱ्याची धावपट्टी ब्रिटिशांच्या हवाई दलाने १९४२ साली, महायुद्धाच्या धामधुमीत बांधली. पुढे कित्येक वर्षे बेळगावच्या लोकांना तेथे दिसे ते हवाई दलाचे किंवा मुंबईचे विमान. आणि मुंबईचे विमानही कधी असे, कधी नसे. अलीकडे वैमानिकांना शिक्षण देणाऱ्या संस्था तेथे आल्यापासून मात्र मुतगे, बाळेकुंद्री या बाजूच्या शेतांवरून एकच इंजिन असलेली, दोन-चार माणसांची छोटी विमाने घिरट्या घालताना दिसू लागली. त्यांच्याकडे मान वर करून पाहणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. मोटारीचे इंजिन बंद पडले तर मोटार रस्त्याच्या कडेला लावता येते. याचे बंद पडले तर काय? ३० मे २०२३ रोजी हा प्रश्न निव्वळ कुतूहलाचा राहिला नाही. त्या दिवशी सांबऱ्याच्या एका प्रशिक्षण विमानाला बिघाडामुळे विमानतळाजवळच्याच शेतात उतरावे लागले. आतील दोघेही बचावले.

वर्गात हा प्रश्न विचारला की बहुतेक विद्यार्थी एकमुखाने उत्तर देतात: विमान दगडासारखे खाली पडेल. पदार्थविज्ञानाच्या विद्यार्थ्याने तरी असे म्हणू नये. विमानाला वर उचलून धरतात ते त्याचे पंख. इंजिनाचे काम फक्त विमानाला हवेतून पुढे ओढण्याचे. पंखांवरून पुरेशा वेगाने हवा वाहत राहिली की झाले. ती इंजिनाच्या जोरावर वाहते की उतारावरून घसरत येणाऱ्या विमानाच्या वजनामुळे वाहते, याच्याशी पंखांना कर्तव्य नसते. शिकाऊ वैमानिकांत सर्वत्र वापरले जाणारे सेसना १७२ हे विमान घ्या. इंजिन बंद पडल्यावर ते ताशी सुमारे १२० किलोमीटर वेगाने तरंगू दिले, तर एक मीटर खाली येताना ते नऊ मीटर पुढे जाते. म्हणजे जमिनीपासून पाच हजार फुटांवर इंजिन बंद पडले तर वैमानिकापाशी सुमारे सात मिनिटे आणि तेरा-चौदा किलोमीटरचा टापू असतो. तेवढ्या वेळात इंजिन पुन्हा चालू करून पाहता येते, रेडिओवरून मदत मागता येते, दोन-चार शेते पाहून त्यांतले बरे शेत निवडता येते.

हेच इंजिन जमीन सोडल्यावर अर्ध्या मिनिटाने, चारशे फुटांवर बंद पडले तर? तर हाताशी राहतो तोही जेमतेम अर्धा मिनिट. या अर्ध्या मिनिटाविषयीच हा लेख आहे.

येथे एक खुलासा केलेला बरा. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून उडालेले बोइंग ७८७ विमान काही सेकंदांत कोसळले आणि जमिनीवरच्यांसह २६० माणसे गेली, ती बातमी वाचकांच्या मनात ताजी असेल. परंतु प्रवासी विमानांचा हिशेब निराळा असतो. त्यांना दोन इंजिने असतात आणि एक बंद पडले तरी दुसऱ्यावर चढत राहता येईल अशीच त्यांची रचना केलेली असते. दोन्ही एकदम जाणे ही अत्यंत विरळ गोष्ट. छोट्या विमानाला मुळात दुसरे इंजिनच नाही. त्यामुळे तेथे वैमानिकाची तयारी हेच दुसरे इंजिन मानावे लागते.

इंजिन नेमके याच वेळी का बंद पडावे? दुर्दैव हे त्याचे उत्तर नव्हे. जमिनीवर सरकताना इंजिन आरामात चालत असते. उड्डाणाच्या वेळी ते प्रथमच पूर्ण ताकदीला लावले जाते, आणि नाकही वर उचललेले असते. कोठे काही ढिले, तुंबलेले किंवा चुकीचे असेल तर ते उघड होण्याचा हाच क्षण. पहिला संशयित म्हणजे पेट्रोल. रात्रभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या विमानाच्या अर्धवट भरलेल्या टाकीत दंव जमून पाणी होते. ते पेट्रोलपेक्षा जड असल्याने तळाशी बसते. म्हणूनच पहिल्या उड्डाणापूर्वी वैमानिक पंखाखालच्या छोट्या तोटीतून थोडे पेट्रोल पारदर्शक पेल्यात काढून उजेडात धरून पाहतो. विमानाच्या पेट्रोलला निळसर रंग मुद्दाम दिलेला असतो. तळाशी बिनरंगी थेंब दिसला की ते पाणी. दुसरा संशयित कार्बुरेटरमधील बर्फ. बेळगावात बर्फ कुठला, असे कोणी विचारील. पण कार्बुरेटरच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाते आणि त्यातच पेट्रोलची वाफ होते, या दोन्हींमुळे तेथील तापमान एकदम खाली येते. हवा दमट असेल तर बाहेर वीस-पंचवीस अंश उष्मा असतानाही आत बर्फ धरतो. जुलैतली बेळगावची हवा याला अगदी अनुकूल. तिसरे कारण ठिणगीचे. तिथे मात्र अभियंत्यांनी आधीच शहाणपण केले आहे. प्रत्येक सिलिंडरला दोन स्पार्क प्लग आणि इंजिनाला एकमेकांशी संबंध नसलेले दोन मॅग्नेटो. एक गेला तर दुसरा काम चालवतो. पेट्रोलचा खटका बंद राहणे किंवा टाकीच रिकामी असणे, अशी लाजिरवाणी कारणेही असतात, आणि ती वाटतात तितकी दुर्मिळ नाहीत.

कारण काहीही असो, चारशे फुटांवर ते शोधत बसायला वेळ नसतो. त्या क्षणी विमानाचे काय होते ते पाहू.

विमान नाक वर करून ताशी सुमारे १४० किलोमीटर वेगाने चढत आहे. पुढच्या पंख्याची ओढ अचानक नाहीशी होते. हवेचा विरोध चालूच आहे, आणि चढावर असल्यामुळे वजनाचा काही भागही मागे खेचतो आहे. सायकलने चढ चढताना पायडल मारणे थांबवल्यावर होते तसेच. गणित केले तर असे दिसते, की नाक तसेच वर धरून ठेवल्यास दर सेकंदाला ताशी सुमारे सात किलोमीटर वेग गळून जातो. आता हे विमान सरळ उडताना ताशी सुमारे ९५ किलोमीटरच्या खाली गेले की त्याचे पंख हवा धरू शकत नाहीत. म्हणजे १४० वरून ९५ वर यायला सहा-सात सेकंद. आणि प्रशिक्षणाच्या पुस्तकांत असे धरून चालतात, की अनपेक्षितपणे इंजिन बंद पडल्यावर माणसाला काही हालचाल सुचायला चार सेकंद लागतात. चार सेकंद तो नुसता अविश्वासाने ऐकत असतो. आवाज थांबला आहे, पण मन म्हणते, छे, असे कसे होईल! मन भानावर येईतो वेग ११२ वर आलेला असतो.

पंखांनी हवा सोडण्याच्या या अवस्थेला वैमानिक ‘स्टॉल’ म्हणतात. मोटार चालवणारे इंजिन बंद पडण्याला हाच शब्द वापरतात, त्यामुळे वर्तमानपत्री बातम्यांत पुष्कळ घोटाळा होतो. विमानाच्या स्टॉलचा इंजिनाशी संबंध नाही. वाहत्या हवेशी पंखाने केलेला कोन एका मर्यादेपलीकडे गेला, की पंखाच्या वरच्या अंगाला चिकटून वाहणारी हवा सुटते, तिच्यात भोवरे होतात आणि पंखाची उचल एकाएकी घटते. यावर उपाय एकच, नाक खाली करून तो कोन कमी करणे. पाच हजार फुटांवर शिकाऊ वैमानिक हा प्रकार मुद्दाम करून पाहतात आणि शे-दोनशे फूट गमावून सावरतात. चारशे फुटांवर, त्यातही वळणात, सावरायला जागा उरत नाही.

म्हणून इंजिन बंद पडताच करावयाची पहिली कृती म्हणजे नाक खाली करणे. एवढी सोपी गोष्ट सांगायला पुस्तक कशाला, असे वाटेल. पण खाली जमीन जवळ दिसत असताना, यंत्र निकामी झालेले असताना, हातातले चाक पुढे ढकलून विमानाचे तोंड त्या जमिनीकडेच वळवायचे आहे. शरीराचा प्रत्येक स्नायू याच्या उलट सांगत असतो. घसरणारा माणूस जसा हाताला येईल ते धरून मागे ओढतो, तसे वैमानिकाचे हात चाक छातीशी ओढू पाहतात. सेसनाच्या पुस्तिकेत उड्डाणानंतर इंजिन बंद पडल्यास करावयाच्या कृतींत वेगाचा आकडा सर्वांत वर छापलेला असतो तो याचसाठी. पेट्रोल, ठिणगी, वीज बंद करणे ही सगळी पुढची कामे.

नाक खाली गेले, वेग १२० वर स्थिरावला. आता दुसरा प्रश्न. जायचे कोठे?

बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते: मागे वळायचे. दोन किलोमीटरांची गुळगुळीत, रुंद धावपट्टी आत्ताच तर सोडली! समोर आहेत अनोळखी शेते, बांध, विजेचे खांब. मागे आहे ओळखीची जागा, अग्निशामक बंब, मदतीला माणसे. या ओढीने आजवर अनेक वैमानिकांचे प्राण घेतले आहेत, आणि त्यांत अनुभवी माणसेही आहेत. वळण घेण्याचा हा मोह इतका घातक का, हे समजायला थोडी भूमिती हवी.

विमानाला जागच्या जागी फिरता येत नाही. ते गोलाकार वळते. १८० अंश वळून तोंड उलटे झाले, तरी ते धावपट्टीच्या रेषेवर नसते, वळणाच्या व्यासाइतके बाजूला असते. त्या रेषेवर यायला आणखी पंचेचाळीसेक अंश वळावे लागते आणि रेषा गाठल्यावर तेवढेच परत. एकूण वळण १८० नव्हे, सुमारे २७० अंशांचे होते. अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाच्या उड्डाण-पाठ्यपुस्तकात एक उदाहरण वर्षानुवर्षे दिले जात आले आहे. तीनशे फुटांवर इंजिन बंद पडले. चार सेकंद भानावर येण्यात गेले. मग वैमानिकाने सेकंदाला तीन अंश या नेहमीच्या सावकाश गतीने वळण घेतले. १८० अंशांना एक मिनिट, पुढच्या ४५ अंशांना पंधरा सेकंद. मिनिटाला हजार फूट खाली येणारे विमान तेवढ्या वेळात १,३१६ फूट खाली येईल. म्हणजे हिशेबाने ते धावपट्टीच्या हजार फूट खाली, जमिनीच्या पोटात असेल! वाचून हसू येते. पण ते पुस्तक विनोदासाठी लिहिलेले नाही.

चाणाक्ष विद्यार्थी लगेच म्हणेल, मग वळण आवळून घ्यावे. बरोबर आहे. ताशी १२० किलोमीटर वेगाला ३० अंश कलून वळल्यास वर्तुळाचा व्यास सुमारे ३९० मीटर होतो आणि २७० अंशांना २८ सेकंद लागतात. ४५ अंश कलल्यास व्यास २२५ मीटर आणि वेळ अवघा १६ सेकंद. पण निसर्ग फुकट काही देत नाही. कललेल्या विमानाच्या पंखांची उचल काही अंशी आडवी खर्च होते. वजन पेलून धरायला पंखांना जास्त उचल निर्माण करावी लागते, आणि म्हणून स्टॉलचा वेग वाढतो. तो किती वाढतो? कलाच्या कोनाच्या कोज्येने एकाला भागा आणि भागाकाराचे वर्गमूळ काढा. सरळ उडताना ९५ असलेला वेग ४५ अंशांच्या कलात ११३ होतो आणि ६० अंशांच्या कलात १३४. विमान तरंगते आहे १२० ने. म्हणजे ४५ अंशांना फक्त सात किलोमीटरांचा पदर शिल्लक, आणि त्याच्या पलीकडे घाबरून थोडे जास्त आवळले की पदरही नाही.

आता त्यात वारा मिळवा. उड्डाण नेहमी वाऱ्याच्या तोंडावर करतात. उलट फिरताच तोच वारा पाठीशी येतो आणि जमीन नेहमीपेक्षा पुष्कळ वेगाने मागे पळताना दिसते. डोळे म्हणतात वेग खूप आहे. वस्तुतः हवेतला वेग कमी झालेला असतो. वैमानिक नकळत चाक ओढतो. धावपट्टी बाजूला निसटताना दिसते, तेव्हा जास्त कलण्याची भीती वाटून तो पायाने सुकाणू दाबून नाक आत ढकलू पाहतो. त्यामुळे आतल्या बाजूचा पंख मागे पडतो, तो आधी हवा सोडतो, आणि विमान त्या अंगावर उलटून भोवऱ्यासारखे गरगरत खाली जाते. वळणात झालेले अपघात मारक ठरतात ते यामुळे. विमान जमिनीवर उतरलेले नसते, पडलेले असते.

तरीही ‘मागे वळणे अशक्य’ हे शास्त्रीय सत्य म्हणून सांगितले जाते तेव्हा मला ते खटकते. अमेरिकेच्या नौदल अकादमीतील प्राध्यापक डेव्हिड रॉजर्स यांनी १९९५ साली या प्रश्नाचे रीतसर गणित मांडले आणि दाखवून दिले, की सुमारे ४५ अंशांच्या कलात, स्टॉलच्या वेगाहून किंचित जास्त वेगाने घेतलेले वळण सर्वांत कमी उंची खाते, आणि पुरेशा उंचीवरून परत येणे शक्य असते. २०१८ साली अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनानेही प्रशिक्षकांना सुचवले, की हे वळण केव्हा आणि कसे घेता येते ते विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष दाखवावे. अर्थात ‘पुरेशी उंची’ म्हणजे किती, हाच खरा प्रश्न. आमच्या वरच्या आकड्यांनी पाहिले तर १६ सेकंदांच्या आवळ वळणातच तीनशेहून अधिक फूट जातात; त्यापूर्वी वेग सावरण्यात आणि त्यानंतर धावपट्टीपर्यंत पोचण्यात जातात ते वेगळे. विमान, वजन, वारा, उष्मा आणि मुख्य म्हणजे चालवणारे हात बदलले की उत्तर बदलते. म्हणून प्रत्येकाने आपला आकडा आपणच काढावा हे उत्तम. तीन-चार हजार फुटांवर प्रशिक्षकासह जावे, चढता चढता इंजिनाची ताकद काढून घ्यावी, मनात चार सेकंद मोजावे, मग वळावे आणि किती फूट गेले ते उंचीमापकावर पाहावे. त्यात सढळ हाताने भर घालावी. त्या आकड्याच्या खाली मागे वळण्याचा विचारही करावयाचा नाही.

चार सेकंद मोजण्याचा हा आग्रह कशासाठी, याचे उत्तर एका मोठ्या विमानाच्या प्रसंगात मिळते. १५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून उडालेल्या एअरबसच्या दोन्ही इंजिनांत सुमारे २,८०० फुटांवर हंसवर्गातले पक्षी शिरले. कॅप्टन सलनबर्गर यांनी परतण्याचा विचार सोडून विमान हडसन नदीत उतरवले आणि सर्वच्या सर्व १५५ जण वाचले. पुढे चौकशीत नकली विमानयंत्रावर तोच प्रसंग उभा करण्यात आला. पक्षी धडकताक्षणी वळणारे काही वैमानिक विमानतळावर पोचले. पण परिस्थिती ओळखायला माणसाला वेळ लागतो हे ध्यानात घेऊन वळण्यापूर्वी ३५ सेकंद जाऊ दिले, तेव्हा विमानतळ गाठता आला नाही. कागदावर धावपट्टी गाठणारा वैमानिक विचार करायला वेळ घेत नाही. खरा वैमानिक घेतो.

मग समोरच उतरायचे, तर कसे? येथे पदार्थविज्ञान आपल्या बाजूने उभे राहते. थांबताना शरीराला बसणारा झटका वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो आणि थांबण्याच्या अंतराप्रमाणे घटतो. ताशी ८० किलोमीटर वेगातले विमान जर सारखे वेग कमी करीत अवघ्या तीन मीटरांत थांबले, तर आतील माणसाला गुरुत्वाच्या सुमारे साडेआठपट झटका बसेल. कमरेचे आणि खांद्याचे पट्टे नीट बांधलेल्या माणसाला तो सोसतो. तीन मीटर म्हणजे एखाद्या खोलीची लांबी! वेग दुप्पट असेल तर तेवढ्याच झटक्यासाठी बारा मीटर लागतात. म्हणून वाऱ्याच्या तोंडावर, फ्लॅप उघडून, विमान हाताबाहेर जाऊ न देता शक्य तितक्या कमी वेगाने टेकायचे. ताशी १८ किलोमीटरचा वारा असेल, तर १२० ने तरंगणारे विमान वाऱ्याच्या तोंडावर जमिनीसापेक्ष १०२ ने जाते; मागे वळले तर १३८ ने. पाहायला गेले तर फरक छत्तीसच. पण वर्ग केले तर धडकेची ऊर्जा पावणेदोन पटींहून अधिक होते.

सांबऱ्यासारख्या ठिकाणी पहिला दिलासा खुद्द धावपट्टीच देते. तिची लांबी २,३०० मीटर. समुद्रसपाटीपासून साडेसातशे मीटर उंचीवरच्या विरळ हवेत आणि एप्रिलच्या दुपारीही सेसनाला जमीन सोडायला चार-पाचशे मीटर पुरतात. तेव्हा शंभर-दीडशे फुटांवर इंजिन गेले तर पुढे धावपट्टी शिल्लक असते. नाक खाली, फ्लॅप उघडे, आणि सरळ पुढे उतरायचे. मात्र त्यासाठी उड्डाण धावपट्टीच्या अगदी टोकापासून सुरू केलेले असले पाहिजे. वेळ वाचवायला मध्यातूनच सुरुवात करणारा वैमानिक मागची सगळी जमीन स्वतःहून सोडून देतो.

त्याच्या वरच्या उंचीवर इंजिन गेले, तर समोरच्या तीस-चाळीस अंशांच्या पंख्यात जे बरे दिसेल ते निवडायचे. शेताला शेतकऱ्याच्या नजरेने पाहता आले पाहिजे. नांगरलेले रान असेल तर तासांच्या दिशेने उतरावे, आडवे नव्हे. आडवे उतरल्यास पुढचे चाक रुतून विमान कोलांटी खाते. भाताच्या खाचरांचे बांध वरून सपाट दिसतात, पण ते चाक मोडायला पुरेसे असतात. उभा ऊस किंवा जोंधळा असेल तर पिकाचा शेंडा हीच जमीन समजून त्यावर विमान हळूच बसवावे. पीक वेग खाऊन टाकते. विजेच्या तारा वरून दिसत नाहीत, म्हणून नजरेने खांब शोधावेत आणि दोन खांबांमध्ये तार आहेच असे गृहीत धरावे. झाडी टाळता येत नसेल तर दोन बुंध्यांच्या मधून जावे, पंख तुटू द्यावेत. पंख, चाके, पंखा हे सारे मोडण्यासाठीच आहे असे त्या वेळी समजायचे. माणसे बसली आहेत तेवढी पेटी शाबूत राहिली पाहिजे. हे बोलणे सोपे आहे. शिकाऊ मुलाच्या मनात त्या क्षणी संस्थेच्या मालकाचा चेहरा आणि विमानाची किंमत येते, आणि यंत्र वाचवण्याच्या धडपडीत जीव जातो. शिक्षकांनी पहिल्याच दिवशी सांगावे, की इंजिन बंद पडले त्या क्षणापासून विमान विमा कंपनीचे झाले.

टेकण्यापूर्वी वेळ मिळाल्यास पेट्रोल आणि ठिणगी बंद करावी, म्हणजे आगीचा धोका घटतो. फ्लॅप विजेवर चालतात, म्हणून ते उघडून झाल्यावरच विजेचा मुख्य खटका बंद करायचा. दार थोडे उघडून ठेवायचे. सांगाडा वाकला की बंद दार उघडत नाही. ही कामे जमली तर जमली. ती करण्याच्या नादात वेगावरची नजर हलता कामा नये.

एवढे सगळे अर्ध्या मिनिटात सुचावे कसे? सुचत नाही, म्हणून आधी ठरवून ठेवायचे असते. धावपट्टीच्या टोकाला उभे असताना, इंजिन पूर्ण ताकदीला लावण्यापूर्वी, चांगला वैमानिक शेजारी कोणी नसले तरी मोठ्याने बोलतो. धावपट्टी शिल्लक असताना इंजिन गेले तर सरळ पुढे उतरणार. अमुक उंचीपर्यंत गेले तर समोरच. आज वारा डावीकडून आहे, डावीकडे ओढ्यापलीकडे मोकळे रान आहे, तेथे. त्या उंचीच्या वर गेलो असेन तर वाऱ्याच्या अंगाने डावीकडे वळून परत. वाऱ्याच्या अंगानेच का? कारण त्या बाजूचा वारा विमानाला धावपट्टीच्या रेषेकडे परत ढकलतो आणि वळण तेवढे कमी पुरते. हे बोलायला वीस सेकंद लागतात. पाहणाऱ्याला तो पोथी म्हटल्यासारखा प्रकार वाटतो. पण नंतर वर जेव्हा आवाज थांबतो, तेव्हा निवड करावयाची उरत नाही. ठरलेले तेवढे अमलात आणायचे असते, आणि अविश्वासात जाणाऱ्या चार सेकंदांतले दोन तरी परत मिळतात.

५ मार्च २०१५ रोजी कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथे घडलेला प्रसंग या सगळ्याचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. हॉलिवूडचे नट हॅरिसन फोर्ड, वय ७२, आपले महायुद्धकालीन रायन जातीचे छोटे विमान एकटे घेऊन उडाले. समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० फुटांवर इंजिनाची ताकद गेली. त्यांनी डावीकडे परतीचे वळण सुरू केले. पण धावपट्टी गाठता येणार नाही हे त्यांच्या लवकरच ध्यानात आले, आणि येथे त्यांनी वळण आवळले नाही. विमानतळाला लागूनच गोल्फचे मैदान होते, त्याकडे त्यांनी विमान नेले. वाटेत झाडाच्या शेंड्याला धक्का लागला आणि विमान मैदानावर आदळले. फोर्ड यांना गंभीर दुखापती झाल्या, पण ते वाचले, पुन्हा उडू लागले, आणि जमिनीवर कोणाला काही झाले नाही. चौकशीत कार्बुरेटरमधील पेट्रोल मोजून सोडणारी छोटी नळी आपल्या जागेवरून आट्यांतून सुटलेली आढळली. त्यामुळे इंजिनाला गरजेपेक्षा जास्त पेट्रोल जाऊन ते गुदमरले होते. ते कार्बुरेटर सतरा वर्षांपूर्वी खोलून बांधले होते, आणि ती नळी घट्ट आहे की नाही हे मधून मधून तपासावे असे देखभालीच्या पुस्तिकेत कोठेही लिहिलेले नव्हते. खांद्याचा पट्टा त्या विमानात मुळात नव्हता, मागाहून बसवलेला होता. पण तो आसनाच्या पाठीला पुरेसा आधार न देता जोडल्यामुळे धडकेत निकामी झाला, आणि त्यामुळे दुखापती वाढल्या.